बारा बैल आणि एक कोरी रेघ

प्रिय रम्या,

सॉल्ट लेक सिटीत येऊन चार महिने झाले आणि तुला एक ओळ नाही. शिव्या देऊन झाल्या असतील, तर पुढे वाच. बीपी गोळीवर, गुडघा होता तसाच, नात गोड. झालं. आता मुद्द्याचं.

गेल्या रविवारी जावयाच्या आजी आल्या. वय पंच्याऐंशी, गाडी स्वतः हाकतात. मॉर्मन, म्हणजे इथे ठाण मांडलेल्या एका ख्रिस्ती पंथातल्या, त्यामुळे चहा-कॉफी वर्ज्य. गरम पाण्याचा पेला घेऊन बसल्या आणि टेबलावर एक कागद उलगडला. पंख्यासारखा, मध्ये नातीचं नाव. डावीकडे त्यांची माणसं पार इंग्लंडपर्यंत गच्च भरलेली. उजवीकडे आपली बाजू, कोरी. म्हणाल्या, भरून द्या.

वडिलांकडचं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीमुळे सहा पिढ्या धडाधड लिहिलं. आईकडे आलो आणि अडकलो. आजीचं सासरचं नाव राधा. माहेरचं? रम्या, जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं तिचं खरं नाव मला माहीत नाही बे!

आजींच्या पणजीची गोष्ट मात्र तारीखवार. गाव प्रेस्टन, लँकेशायरमधलं, आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या आधीपासून कापडगिरण्यांचं. १८३७ साली तिथे अमेरिकेहून मॉर्मन प्रचारक आले. पहिला बाप्तिस्मा कोणाचा यावरून रिबल नदीकडे चक्क धावायची शर्यत लागली, जॉर्ज वॉट नावाचा माणूस जिंकला. (आपण मेसच्या पहिल्या पंगतीसाठी पळायचो तसं.) पुढे या मुलीच्या, म्हणजे पणजीच्या, आईबापांनीही तो धर्म घेतला आणि घर फाटलं. आजींकडे त्यांच्या घरच्या बायबलच्या पानाचा फोटो आहे. त्या काळी जन्म-मृत्यू त्यातच लिहायचे. मुलीच्या आईचं नाव त्या आईच्याच बापानं खोडलंय. एका रेघेनं नाही, रम्या. टाक इतका दाबलाय की कागद फाटलाय आणि फटीतून मागच्या पानावरचं अक्षर दिसतंय.

२५ मे १८५६ ला लिव्हरपूलहून ‘होरायझन’ जहाज सुटलं. माणसं ८५६, ही मुलगी अकरा वर्षांची. जहाजात वॉर्ड पाडलेले, प्रत्येकावर एक प्रमुख, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. रांधायचं ज्याचं त्यानं, म्हणजे चुलीपाशी चाळीतल्या नळावरच्यासारखी भांडणं होत असणार, पण आजी ते मान्य करत नाहीत. जूनअखेर बोस्टन. तिथून रेल्वेनं आयोवा सिटी आणि पुढे इथपर्यंत दोन चाकांच्या हातगाड्या ओढत सुमारे दोन हजार किलोमीटर पायी. बैलगाड्यांना पैसा नव्हता. मोठ्या माणसाला सामान सतरा पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. केबिन बॅग सात किलोच म्हटल्यावर मी एअरपोर्टवर काय तमाशा केला, तुझ्या वहिनीला विचार.

निघाले २८ जुलैला, म्हणजे उशिरा. गाड्यांचं लाकूड कच्चं, चाकं मोडायची. वायोमिंगमध्ये ऑक्टोबरातच बर्फानं गाठलं. पावणेसहाशेच्या आसपास माणसं होती, त्यातली दीडशेच्या घरात गेली. मुलीचा बापही. इकडून मदतीच्या गाड्या गेल्या म्हणून उरलेले ३० नोव्हेंबरला इथे पोचले.

त्या खोडलेल्या नावाकडे बघताना मला हॉस्टेलचा जिना आठवला. ‘देव काय शर्ट आहेत का रे बदलायला?’ असं मी म्हणालो होतो आणि तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. मी तेव्हा तुलाच चिडका ठरवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तुझी आजी दीक्षाभूमीवरून घरी आली, दुसऱ्या दिवशी टोपलीतून देव नाल्यात सोडले आणि रिकाम्या देवळीत तिखटाचा डबा ठेवला, हे तू त्याआधीच सांगितलं होतंस. मी ऐकून हसलो होतो.

आता खरी पंचाईत. हे लोक नावं गोळा करतात ती नुसती हौस नाही. मेलेल्या पूर्वजाच्या नावानं जिवंत वारसदार पाण्यात बुडी घेतो, तो त्या पूर्वजाचा बाप्तिस्मा. नाकारायची मुभा मेलेल्याला आहे म्हणे. आणि तो हौद असतो बारा बैलांच्या पाठीवर! फोटो पाहिला. पोळ्याला आपल्या अख्ख्या आळीत बारा बैल जमायचे नाहीत. प्रत्यक्ष पाहायला मंदिरात गेलो, तर आत फक्त त्यांच्यातल्यांना, तेही परवानापत्र असेल तर. दारातून परत आलो. हस लेका, पोटभर हस.

म्हणजे उद्या नात मोठी होऊन त्यांच्यात गेली, तर माझी आई बारा बैलांवर! जिनं तुझ्यासाठी निळा कप वेगळा ठेवला, तोही न्हाणीच्या खिडकीत. तू त्यातून मुकाट चहा प्यायचास आणि मी तुझ्यासमोर स्टीलच्या पेल्यातून. त्यावर आपण कधी बोललो नाही. तिचं नाव देऊ की नको? बायको म्हणते, देऊन टाका, कागदच तो. मुलगी म्हणते, बाबा, ओव्हरथिंकिंग. तू सांग. तुला काही म्हणायचा हक्क आहे, त्या दोघींपेक्षा जास्त.

तुझ्या पोराचं कॅम्पसमधून झालं का? घराची गळती थांबली? कंत्राटदाराला आधी पैसे देऊ नकोस, हे शंभरदा सांगितलंय.

आणि एक काम. माझी आजी आणि तुझी आजी एकाच गावच्या, हे तुझ्या आत्या एकदा बोलल्या होत्या. त्यांना विचार, देशपांड्यांच्या वाड्यातली जी पोरगी लग्न होऊन वर्ध्याला गेली, तिला गावात काय नावानं हाक मारायचे. आमच्याकडे सांगणारं कोणी उरलं नाही. जोरात विचार, कानाला कमी आहे त्यांना.

तुझाच,
दिन्या

ता. क. नाव कळलं तरी लगेच फोन करू नकोस, इथे रात्र असते. लिहून पाठव.