दारू सुटल्यानंतरचं घर

प्रिय मित्रा,

शिबिरातून दारू सोडून आलेला माणूस महिन्याभरात परत प्यायला कसा लागतो, असं तू विचारलंस आणि मला लगेच अल्कली लेक आठवलं. इकडे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं आदिवासींचं छोटं गाव. तिथल्या पोरांना सेंट जोसेफ्स मिशनच्या निवासी शाळेत नेऊन टाकायचे, आई-बाप तुटले, भाषा तुटली आणि ती पोरं स्वतः आई-बाप झाली तेव्हा लेकरांना जवळ कसं घ्यायचं हेच त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं, मग दारू. "ह्यांच्यात पितातच" असं कुणी म्हटलं ना की माझं डोकंच फिरतं.

1972 मध्ये तिथलीच एक आई, फिलिस चेल्सी, आजीकडे ठेवलेल्या पोरांना आणायला गेली तर सात वर्षांची लेक घरी यायलाच तयार नाही, तुम्ही दोघं फार पिता म्हणाली. फिलिसनं दारू सोडली, पाठोपाठ नवरा अँडीनं. तो पुढे गावाचा प्रमुख झाला. मग चोरून दारू विकणारे पोलिसांच्या मदतीनं पकडले, सरकारी मदतीच्या रोख पैशाऐवजी किराण्याची कुपनं दिली. लोक चिडले, वर्षभर फारसं कुणी सोबत आलं नाही तरी दोघं मागे हटले नाहीत. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की कुणी उपचाराला गेलं की मागे गावातलेच लोक त्याची पोरं सांभाळायचे, घर दुरुस्त करून ठेवायचे, म्हणजे माणूस परतायचा तो त्याच जुन्या घाणीत नाही. 1985 च्या सुमारास गावातले जवळजवळ 95 टक्के लोक दारूमुक्त होते म्हणे.

तरुण पोरांचंही तेच रे. चँडलर आणि लालोंड या संशोधकांनी 1998 मध्ये ह्याच प्रांताचा अभ्यास मांडला, ज्या आदिवासी समाजांकडे स्वतःचा कारभार, शाळा, आरोग्यसेवा होती तिथे तरुणांच्या आत्महत्या खूप कमी, कुठे कुठे एकही नाही. नुसता समुपदेशक पाठवून हे होत नाही.

आपल्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी लढून मिळवली, बायका किती खंबीरपणे उभ्या राहिल्या ते तुला जास्त माहीत. पण बाटली बंद झाल्यावर त्या घराचं कोण बघतं? तुमच्या ग्रामसभेत हा विषय काढच, शिबिराला गेलेल्याची पोरं कुणाकडे, शेतीचं काम कोण करणार, परत आल्यावर पहिला महिना सोबत कोण. आणि आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेल्या पोरांनाही बसव तिथे, त्यांना विचार घरी यावंसं वाटतं का. काय म्हणतात ते मला सविस्तर लिही, मी वाट बघतोय.

तुझाच,
दोस्त