अण्णा, तुमचा ओळंबा माझ्याकडे राहिलाय

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल नीट बसवून दिलात, त्याचे समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. तीनदा झालं हे. म्हणून आता चार लोकांसमोर लिहितोय.

गाडी तुम्हाला पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आजोबांची १९४६ची फोर्ड व्ही-८. अमेरिकेत पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड उतरवायची, इंजिनात जोर भरायचा आणि त्याला हॉट रॉड म्हणायचं. तसलं काहीतरी करायचं माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. मडगार्ड उतरले, बॉनेटच्या बाजू निघाल्या, इंजिन बांधून झालं. मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं फिरवणारा आडवा दांडा, मात्र आजोबांच्याच काळातला राहिला.

त्यानेच एका संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात मान टाकली. गिअर पडतोय, क्लच सुटतोय, इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही. मागे एसटी, तिच्यामागे टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप आणि सगळ्यांचे हॉर्न. या ॲक्सलच्या टोकाला निमुळता शाफ्ट असतो, त्यावर ड्रमचा हब (चाक बसतं तो मधला भाग) घट्ट बसतो आणि मध्ये बोटभर चावी असते. निमुळता भाग झिजून हब सैल झाला की सगळा जोर चावीवर येतो आणि ती कापली जाते. एका बाजूची कापली की दोन्ही चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल सगळी ताकद त्याच बाजूला फुकट फिरवतो. दीड वर्षात दुसऱ्यांदा झालं होतं. क्राउन-पिनियनचं, म्हणजे शाफ्टची ताकद ॲक्सलकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचं, रडगाणं वेगळंच.

भंगारातून बोलेरोचा ॲक्सल आणला. नाशिकचीच लेक ती. आणि योगायोग बघा, त्या फोर्डच्या चाकाला ५ स्टड, साडेपाच इंचांच्या वर्तुळात, बोलेरोलाही तेच. चाक पहिल्या फटक्यात बसलं. मी खूश झालो, तिथेच चुकलो. चाक बसलं म्हणजे ॲक्सल बसला असं वाटलं मला.

कारण जुन्या फोर्डची मागची रचनाच वेगळी. १९४८पर्यंत त्यांच्या गाड्यांना मागे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा आणि गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर बंद नळी, टॉर्क ट्यूब. चाकं गाडीला पुढे ढकलतात तो धक्का या नळीतून गिअरबॉक्सला आणि तिथून चॅसीला जातो. ॲक्सलला पीळ बसू न देण्याचं कामही तीच करते. नवा ॲक्सल उघड्या शाफ्टचा. नळी गेली की आडवा पाटा एकटा काही धरू शकत नाही, दोन्ही बाजूंना उभे पाटे घालावे लागतात. ज्या गॅरेजला मी पहिल्यांदा काम दिलं त्यांनी ते घातले. गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँजही (शाफ्ट जोडायची चकती) त्यांनी सुरेख बनवला होता, ते नाकारत नाही. पण पाटे ज्यांवर बसतात त्या ॲक्सलवरच्या गाद्या त्यांनी ॲक्सल जॅकवर लटकत असताना पक्क्या वेल्ड केल्या. ताशी ६० झाले की पायाखालची फळी अशी बडबडायची की दात वाजायचे. मी शाफ्ट बॅलन्स करून आणला, त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस बदलले, टायर बदलले. फरक शून्य.

मग कुणीतरी सातपूरला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही गाडीखाली वाकलाही नाहीत. पहिला प्रश्न, "चॅसीला कटर लावलाय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "जुना ॲक्सल विकलास का?" तोही नाही. तेव्हा कुठे तुम्ही चष्मा लावलात. त्या प्रश्नांचा अर्थ मला नंतर कळला. ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१मध्ये आले, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. उद्या मन बदललं तर परत जायला वाट हवी, म्हणून तुम्ही सगळे ब्रॅकेट बोल्टवर घेतलेत. आडव्या पाट्याचा क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसीची आडवी पट्टी, जिथे होता तिथेच आहे.

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. तुम्ही त्या गाद्या ग्राइंडरने उडवल्यात, नवे फक्त टाके मारलेत आणि गाडी चाकांवर उतरवलीत. टाकी भरायला लावलीत, स्टेपनी ठेवायला लावलीत, वर कांद्याच्या दोन गोणी मागच्या सीटवर. "माणसं बसणार ना गाडीत? मग वजन घालून मोज." मग खिशातून ओळंबा निघाला. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरून चार ठिकाणी सोडलात, फरशीवर खडूने फुल्या मारल्यात आणि कर्ण मोजलेत. तीन सुतांचा, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटरचा फरक. गाडी इतके महिने खेकड्यासारखी चालत होती आणि मी टायरवाल्याला दोष देत होतो!

पिनियनचं नाक, म्हणजे ॲक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक, तर भलतीकडेच बघत होतं. गिअरबॉक्सची शेपटी ३ अंश खाली कललेली, म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळायला नाक ३ अंश वर हवं. होतं ७. क्रॉसमधून फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा कोन तेवढाच असला तर तो फरक मिटतो, नाहीतर सगळा पायाखाली येतो. मी म्हटलं, मग ३ करू. तुम्ही १ केलंत. मी वाद घातला (आठवतंय ना). तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पुढच्या चाकांना दगड लावलेत, मला बाजूला उकिडवं बसवून हातात टॉर्च दिलात आणि स्वतः आत बसून क्लच हळूच सोडलात. पाटे पिळवटले आणि पिनियनचं नाक माझ्या डोळ्यांदेखत वर उचललं गेलं. क्लच दाबलात, खाली आलं. "तिची उचलायची जागा सोडायची," एवढंच म्हणालात.

ब्रेकचे पाइप, हवा काढणं, हँडब्रेकची केबल, ते सगळं तुमच्या पोराने तासाभरात उरकलं. त्यालाही सांगा. पैसे विचारले तर तुम्ही वेल्डिंग रॉडचे घेतलेत.

रविवारी पहाटे त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाऊन आलो. ६० झाले, ७० झाले, फळी गप्प. नव्या क्राउनचा रेशो जुन्यापेक्षा आखूड, त्यामुळे इंजिन जरा जास्त ओरडतं, पण चढाला गिअर बदलावा लागला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबून दोन्ही हबना हात लावला. कोमट, दोन्ही सारखे. आई मागे बसली होती, अर्ध्या वाटेत झोपली.

जुना ॲक्सल ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवलाय. ओळंबा घाईत माझ्या टूलबॉक्समध्ये आला. येत्या रविवारी घेऊन येतो, याच गाडीतून. पाट्याचे यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर परत आवळायचे म्हणाला होतात, तेही करू. चहा या वेळी मी सांगणार.

तुमचा,
फोर्डवाला