जुन्या रिसीव्हरला घरी येताच प्लग लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवरचा लेख मी आवडीने वाचला. सत्तरच्या दशकातील संचांची लाकडी पेटी, अ‍ॅल्युमिनियमची दर्शनी पट्टी, हाताला जड लागणारे ट्यूनिंगचे चक्र, सगळेच त्यात मनापासून उतरले आहे. मात्र लेखाच्या अखेरीस सेकंडहँड रिसीव्हर घरी आणल्यावर लगेच स्पीकर जोडून, आवाज मोठा करून पाहावा, म्हणजे तो चांगला की खराब ते कळेल, असा सल्ला दिला आहे आणि तो वाचल्यावर हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही. असे संच उघडून, साफ करून पुन्हा वापरात आणण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. या एका घाईपायी दुरुस्त होण्याजोगे संच आणि त्यांच्याबरोबर चांगले स्पीकरही गेलेले मी पाहिले आहेत.

रिसीव्हर म्हणजे ट्यूनर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ही तीन यंत्रे एकाच पेटीत: पहिले रेडिओचे स्टेशन पकडते, दुसरे क्षीण ध्वनिसंकेत सावरून पुढे देते आणि तिसरे त्याला स्पीकर चालवण्याइतकी शक्ती देते. यांपैकी कोणतेही कित्येक वर्षे बंद पडून राहिले की त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागामधला ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत होत जातो, आणि अशा कपॅसिटरला एकदम पूर्ण विद्युतदाब (व्होल्टेज) मिळाला तर त्यातून नको तेवढा प्रवाह गळू लागतो. त्यातच एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर आधीच शॉर्ट झालेला असला, तर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, विद्युतप्रवाह थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो आणि ती काही क्षणांत जळते. पुष्कळ संचांत हे टाळण्यासाठी संरक्षक रिले, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असतो हे खरे, पण तो रिलेही संचाइतकाच जुना असतो आणि त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी करावी. मागच्या पट्टीवर संच किती व्होल्टचा आहे ते छापलेले असते. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेले संच १०० व्होल्टचे, उत्तर अमेरिकेसाठीचे १२० व्होल्टचे, तर इतर अनेक देशांसाठीचे २२० ते २४० व्होल्टचे असतात. काहींना व्होल्टेज बदलण्याचा स्विच असतो, पण तो आधीच्या मालकाने कोठे ठेवला आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. (जपानी बाजारातल्या त्या काळच्या संचाची एफएम पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढीच असते, हेही घेणाऱ्याला आधीच माहीत असावे, नाहीतर ट्यूनर बिघडला आहे असा त्याचा समज होतो.) त्यानंतर वायरीचे आवरण तडकले आहे का ते पाहावे आणि फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा संचावर छापलेल्या आकड्याशी ताडून घ्यावा. मूळ फ्यूजच्या जागी दुपटीचा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला तुकडा सापडला, तर आत काय चालले असेल याची कल्पना तेथेच येते.

झाकण काढण्यापूर्वी प्लग सुटा असावा हे सांगायला नको, परंतु प्लग सुटा असूनही पॉवर सप्लायच्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच दाब साठून राहू शकतो. तो मल्टिमीटरने मोजावा आणि उरलेला असल्यास योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून हळूहळू उतरवावा. स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडण्याची सवय वाईट आहे. धूळ मऊ ब्रश आणि हवेच्या फुग्याने काढावी, विशेषतः हीटसिंकच्या पात्यांमधली, कारण तेथे बसलेला धुळीचा थर ट्रान्झिस्टरची उष्णता अडवून धरतो. ट्यूनरच्या गँग कंडेन्सरच्या, म्हणजे स्टेशन बदलताना फिरणाऱ्या भागाच्या, पात्यांवर मात्र कोणताही फवारा मारू नये आणि ट्यूनरची जुळणी ठरवणाऱ्या छोट्या आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या रंगीत कोअरना स्क्रू-ड्रायव्हर लावू नये. त्या साध्या डोळ्यांनी आणि अंदाजाने पुन्हा जुळत नाहीत.

दर्शनी भागाच्या सफाईत सर्वाधिक नुकसान होते, आणि त्याचा अनुभव मला स्वतःला आहे. एका संचाच्या डायलच्या काचेवर आतून धूसर थर बसला होता. मी कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काचेच्या मागच्या बाजूने एकदाच फिरवला. बोळा उचलून पाहिला तर त्यावर पांढरा रंग उतरलेला होता आणि काचेवर ८८ पासून ९२ पर्यंतचे आकडे नाहीसे झाले होते. ते आकडे काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात आणि इतक्या वर्षांनंतर त्यांची पकड नावापुरतीच उरलेली असते. तो संच आजही उत्तम वाजतो, पण त्या कोऱ्या जागेकडे नजर गेली की हळहळ वाटतेच. तेव्हापासून अक्षरे असलेल्या बाजूला मी ओले काहीही लावत नाही, आणि पुढच्या पट्टीवर किंचित ओलसर कापडापलीकडे जात नाही. काच साफ करण्याचे अमोनियायुक्त द्रव तर या कामात मुळीच नकोत.

आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखर आणि एका बाजूचा स्पीकर मध्येच बंद पडणे, या दोन तक्रारींमुळे कितीतरी संच कवडीमोलाने निघतात. वास्तविक खरखर बहुधा बटणाच्या आतील कार्बनच्या पट्टीवर साचलेल्या मळाची असते, आणि एक चॅनल जाण्यामागे स्विचचे काळे पडलेले संपर्क किंवा रिलेचे खराब झालेले पॉइंट असतात. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर कंट्रोलच्या मागच्या फटीतून अगदी थोडा सोडावा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसतीस वेळा फिरवावे आणि द्रव पूर्ण वाळू द्यावा. दर्शनी पट्टीवरचे सगळे स्विचही असेच हाताळावेत. गंज सोडवण्याचे तेल येथे चालत नाही, कारण ते धूळ धरून ठेवते आणि पट्टीलाही अपाय करू शकते.

एवढे झाल्यावर वीज द्यायची, पण तीही सरळ नाही. दुरुस्ती करणारे जुने लोक ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तो यासाठीच असतो, आणि तो जाणत्या माणसाकडून नीट बांधून घ्यावा. फेजच्या वायरीत साधारण ६० ते १०० वॅटचा बल्ब जोडून त्याच्या पुढे रिसीव्हर लावतात. बल्ब तारेचाच हवा, एलईडीचा चालत नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो आणि ती तापली की तो दहा पटींहूनही अधिक वाढतो, त्यामुळे संचात शॉर्ट असेल तर बल्बच पेटतो आणि संचावर फारच थोडा दाब उरतो. स्विच टाकताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर कपॅसिटर भरले आणि पुढे गडबड नाही असे समजावे. तो तसाच लख्ख पेटत राहिला, तर स्विच बंद करावा आणि संच तंत्रज्ञाकडे द्यावा. बल्ब सिरीजमध्ये असताना दाब कमी असल्यामुळे रिले लागणार नाही, असेही होते. तेवढ्यावरून संच नादुरुस्त ठरवू नये.

बल्ब मंदावल्यानंतर काही वेळ वास, धूर, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण यांकडे लक्ष द्यावे, मग संच थेट वीजपुरवठ्यावर घ्यावा. रिले असलेल्या संचात काही सेकंदांनी 'खट्ट' असा आवाज येतो. तो आल्यावर, स्पीकर अजून न जोडता, दोन्ही चॅनलच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्ट ते पन्नासेक मिलिव्होल्ट असेल तर ठीक. शंभराच्या वर गेले तर कारण शोधावे, आणि व्होल्टमध्ये मोजावे लागत असेल तर कोणताही स्पीकर जोडू नये. संच तासभर तापल्यावर हेच मोजमाप पुन्हा घ्यावे आणि हीटसिंकच्या दोन्ही बाजू सारख्याच कोमट आहेत का तेही पाहावे. पहिला स्पीकर नेहमी असा जोडावा, की तो गेला तरी वाईट वाटू नये.

आवाज आलाच नाही तर घाबरण्याआधी 'टेप मॉनिटर' हे बटण पाहावे. ते दाबलेले असले की संच टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत गप्प बसतो. ज्या संचांच्या मागे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प जोडणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या कोणी काढून घेतल्या असल्या तरीही तो मुकाच राहतो. निकामी म्हणून माझ्याकडे आलेल्या काही संचांत एवढेच कारण निघाले. एका बाजूने आवाज कमी असेल, तर मागच्या इनपुटच्या डाव्या-उजव्या केबल अदलाबदल कराव्यात. दोषही बाजू बदलून गेला, तर तो रिसीव्हरचा नसून त्यापूर्वीच्या यंत्राचा किंवा केबलचा आहे.

हल्ली सगळेच कपॅसिटर सरसकट बदलण्याचा आग्रह दिसतो. तो मला पटत नाही. फुगलेला, गळलेला किंवा मोजणीत कमी भरलेला भाग जरूर बदलावा, पण एका बैठकीत पन्नास भाग बदलल्यावर नवा दोष उद्भवला, तर तो कोणत्या सांध्यात आहे हे शोधायचे कसे? शिवाय कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी थर पुष्कळदा गळती नसून कारखान्यात लावलेला गोंद असतो. मात्र काही संचांतला हा गोंद जुना झाला की शेजारच्या तारा खाऊ लागतो, म्हणून तो हलक्या हाताने खरवडून काढलेला बरा.

विकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. 'चालू स्थितीत' असे लिहिण्याऐवजी दोन्ही चॅनलचे डीसी व्होल्टेज किती भरले, कोणकोणते इनपुट प्रत्यक्ष वाजवून पाहिले आणि संच किती वेळ चालू ठेवला, एवढे तरी लिहावे. दिवा लागतो म्हणजे संच चालतो असे नव्हे. आपल्या लेखातील सल्ल्याची दुरुस्ती पुरवणीच्या पुढच्या अंकात, किमान सिरीज बोर्डाच्या उल्लेखासह, छापावी अशी आपणास विनंती आहे, कारण तो लेख वाचून कोणीतरी या आठवड्यातच माळ्यावरचा संच खाली काढणार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक