सच्या, मोडतोय तर मोडू दे

सच्या लेका,

रविवारी तू फोन आपटलास त्याचा राग नाही, पण आपटायच्या आधी जे बोललास ना, "आता बास, सगळं लोखंडात करतो, बघू कसं मोडतंय ते", ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय, कारण फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस. आपल्या पायानं चालवायच्या विमानाचा पंख दुमडला हे वाईटच झालं. दीड वर्ष चाललेलं काम, पहाटे पाचला माळावर ढकलत न्यायचं आणि पन्नास फुटांत सायकलसकट आडवं व्हायचं, कुणाचंही डोकं फिरेल. पण नंतर जी बोलाचाली झाली, जोड कुणाचा कच्चा, पेडल कुणी जोरात मारलं, आणि तो यंत्रमागावरचा बाळ्या रुसून घरी गेला, ते मला पंखापेक्षा जास्त लागलं बघ.

तुला मी मॅकक्रेडीची गोष्ट सांगितली होती ती अर्धीच. पॉल मॅकक्रेडी, कॅलिफोर्नियाचा, कॅलटेक या तिथल्या नामांकित विद्यापीठाची पीएचडी, १९५६ साली ग्लायडिंगचा, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायचा जगज्जेता, म्हणजे हुशारीत कुठं कमी नाही. पण पायानं चालवायचं विमान त्यानं काढलं ते हौसेनं नाही, कर्जापायी! नात्यातल्या एकाच्या धंद्याला जामीन राहिला, धंदा बुडाला आणि लाखभर डॉलर याच्या गळ्यात आले (जामीन राहून काय होतं ते तुमच्या आप्पांना विचार). तेव्हा त्याला आठवलं की हेन्री क्रेमर नावाच्या इंग्लिश उद्योगपतीनं १९५९ पासून बक्षीस लावून ठेवलंय, माणसाच्या ताकदीवर उडायचं, एकमेकांपासून अर्ध्या मैलावरच्या दोन खांबांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा घालायचा, सुरुवातीला आणि शेवटी दहा फूट उंची पाहिजे. बक्षीस वाढत वाढत ५०,००० पौंडांवर गेलेलं, आणि पौंड तेव्हा दोन डॉलरच्या आसपास. घे, हिशोब जुळला की.

१९७६ च्या उन्हाळ्यात त्याला कल्पना सुचली ती इतकी सोपी आहे की चिडच येते. साधा हँगग्लायडर, म्हणजे ज्याला माणूस लोंबकळून उडतो तो बिनइंजिनाचा पंख, घ्यायचा, वजन तेवढंच ठेवायचं आणि लांबीरुंदी तिप्पट करायची, मग तो इतका हळू उडतो की साधारण एक तृतीयांश अश्वशक्ती पुरते, आणि तेवढी तयारीचा सायकलवाला काही मिनिटं देऊ शकतो. त्यातून बनलं गॉसमर काँडॉर, पंख ९६ फूट आणि वजन ७० पौंड, म्हणजे ३२ किलो फक्त. तुझी एकटी सायकल आणि स्टँडच किती भरतोय सांग.

आता ऐक, खरी गंमत इथं आहे. त्याच्या आधी इंग्लंडात लोकांनी काय देखणी विमानं बांधली होती रे! हॅटफील्डला विमान कंपनीतल्याच इंजिनिअरांनी पफिन बनवलं, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं नाजूक काम, उडलंही. १९६३ ला पडलं आणि दुसरं पफिन हवेत जायला १९६५ उजाडलं. दोन वर्षं! मॅकक्रेडीचं विमान मात्र दिसायला बावळट, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या केमिकलमध्ये बुडवून आणखी पातळ केलेल्या, त्यावर मायलारचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा कागद, पियानोच्या तारांनी ताणलेलं, मध्ये पुठ्ठा, थर्माकोल आणि चिकटपट्टी. सारखं मोडायचं. पण सकाळी मोडलं तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी परत उभं, आणि उभं करताना काल जे चुकलं ते बदललेलं असायचं. वर्षभरात शेकडो उड्डाणं केली त्यांनी. पफिनवाले दोन वर्षांत जे एकदा शिकले ते हे आठवड्यात चारदा शिकत होते, एवढाच फरक.

आणि माणसं बघ कसली जमवली. एरोडायनॅमिक्सला, म्हणजे हवेच्या हिशोबाला, पीटर लिसामन, पक्का गणिती. जिम बर्क, तो चंद्रावर रेंजर यानं पाठवायच्या प्रकल्पाचा प्रमुख होता, पहिली पाचही फसली आणि त्याला काढला, तो इथं बिनपगारी राबायला हजर. व्हर्न ओल्डरशॉ म्हणून एक म्हातारबुवा, स्वतःच्या हातानं ग्लायडर बांधलेले, नळी वाकवायची कशी हे पीएचडीवाल्याला तेच दाखवणार. मॅकक्रेडीची स्वतःची पोरं तर सुरुवातीची पायलटच, वजनाला हलकी म्हणून! आणि शेवटी ब्रायन अ‍ॅलन, काटकुळा सायकलवाला, हँगग्लायडर उडवणारा, तेव्हा नोकरी नव्हती. यांच्यात डिझाईनवाला वेगळा आणि हातवाला वेगळा असं नव्हतंच, म्हणून पडल्यावर "कुणी केलं" हा प्रश्न कुणाला सुचतच नसावा, असं आपलं मला वाटतं.

सगळ्यात जास्त दमवलं ते वळण्यानं. सरळ उडायचं, वळायला गेलं की आतल्या बाजूचा पंख खाली. एवढ्या लांब पंखाचं आतलं टोक वळताना इतकं हळू चालतं की त्याला उचल कमी पडते, म्हणून नेहमीच्या विमानाच्या बरोबर उलट करायला लागलं, आतल्या पंखाला पीळ देऊन त्याचा कोन वाढवायचा. हे काय कागदावर एकदम दिसलं नाही, पाडून पाडून सापडलं. आणि तिकडं जपानमध्ये निहोन युनिव्हर्सिटीच्या पोरांचं स्टॉर्क १९७७ च्या सुरुवातीलाच सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या वर गेलेलं, म्हणजे बक्षिसाच्या मागं तेही लागलेले. तरी २३ ऑगस्ट १९७७ ला कॅलिफोर्नियातल्या शाफ्टरच्या विमानतळावर सकाळच्या शांत हवेत अ‍ॅलननं सात-साडेसात मिनिटांत आठचा आकडा काढलाच. १९७९ च्या १२ जूनला त्याच मंडळींच्या पुढच्या विमानातून, गॉसमर अल्बट्रॉसमधून, अ‍ॅलननंच इंग्लिश खाडीपण ओलांडली, २ तास ४९ मिनिटं, मध्येच पाणी संपलं, रेडिओ बंद पडला, सोबतच्या बोटीला "ओढून न्या" म्हणून खूण केली आणि दोरी लावता यावी म्हणून जरा वर चढला तर वर हवा निवांत, मग मारत राहिला पेडल. असो, खाडीचं परत कधीतरी.

तू सारखं अमोल यादवांचं उदाहरण देतोस, मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं म्हणून, मलाही त्यांचा अभिमानच आहे. पण लेका ते सहा सीटचं, इंजिनाचं विमान, तिथं मोडून चालतच नाही, तिथं मजबुती पाहिजेच. आपलं दहा फुटांवरून, धावणाऱ्या माणसाच्या वेगानं पडणार. गुडघा खरचटेल. लोखंडात केलंस तर ते मोडणार नाही हे खरं, पण उडणारही नाही, आणि पंधरा वर्षं तुझ्या शेडमध्ये कोंबड्या बसतील त्याच्यावर.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय. बोहरी आळीत पातळ नळ्या बघितल्यात, तार पण घेतो, कागदाचं तू बघ. वेल्डिंग सगळं काढून टाकू, जोड दोरी आणि पट्टीनं बांधू, म्हणजे सुटलं तरी तासात परत बांधता येईल, आणि गाठी मारायला बाळ्यासारखे हात आपल्यापैकी कुणाचे नाहीत, मागावर तुटलेला धागा तो बोलता बोलता जोडतो. त्याच्या घरी तू जा. मी नाही जाणार, भांडलास तू. वहिनींना सांग जेवायला पाच जण आहेत.

तुझा,
पक्या

ता.क. मोडलेला पंख फेकू नकोस, नेमका कुठं दुमडला ते बघायचंय मला.