वस्तरा फिरत्या चाकावर देऊ नका

महोदय,

आजोबांचा झोलिंगेनचा जर्मन वस्तरा मी गेल्या वर्षी एका धारवाल्याला दिला. फिरत्या चाकावर पातं तापलं, कड निळी पडली, पोलादाचं पाणीच उतरलं. तेव्हा जीव तुटला, म्हणून हे कळकळीने लिहितो.

वस्तरा घरीच राखता येतो. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात फिरवावेत. पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताठ हवा. झोळ पडला की धार गोल होते. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच उलटायचा, नाहीतर पट्टा चिरलाच म्हणून समजा. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, मात्र धार पुढे, आणि पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. केस ओढले जायला लागले की 8000 नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक कणांच्या दगडावर, पाणी घालून, हलक्या हाताने. जोर अजिबात नको.

आमच्याकडे चिपळुणात पावसाळ्यात पात्याला बघता बघता गंज धरतो. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. मुठीतलं पाणीसुद्धा टिपून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं.

कुणाच्या ट्रंकेत असा जुना वस्तरा असेल, तर कृपया तो भंगारात घालू नका.

– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण