अर्ध्या डोसाचे अर्धे शास्त्र

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या कीमोवरचा लेख वाचला. हेतू चांगला, मांडणीही देखणी. पण ‘मुलांना मोठ्यांचेच औषध वजनाप्रमाणे कमी करून देतात’ एवढ्या एका वाक्यात लेखकमहाशयांनी विषय उरकलेला पाहून राहवले नाही.

इतके सोपे असते तर डॉक्टर कशाला हवेत, वाण्याचा तराजू पुरला असता. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड पुरते तयार नसते, औषध अंगात रेंगाळते. तेच मूल दोन-तीन वर्षांचे झाले की बरीच औषधे किलोमागे मोठ्या माणसापेक्षा लवकर बाहेर टाकते. म्हणून कीमोचा डोस बहुधा शरीराच्या क्षेत्रफळावर काढतात, आणि अगदी तान्ह्यांसाठी तो हिशेबही बदलतात.

आता माझ्या नातीचे. चार वर्षांची होती, एएलएल हा रक्ताचा कर्करोग झाला. मेन्टेनन्सला, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या पुढच्या उपचारात, रोज सिक्स-एमपी या कीमोच्या औषधाची गोळी. गोळी ५० मिलिग्रॅमची, हिला हवे ४०. मग चार दिवस अख्खी, तीन दिवस अर्धी, असे कालनिर्णयवर लिहून ठेवलेले. सून तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर, तिने या गोळीला हात लावायचा नाही. त्यामुळे हातमोजे घालून ब्लेडने गोळी तोडायचे काम माझ्याकडे. कधी नीट दोन भाग व्हायचे, कधी ताटलीत नुसता भुगा.

तरी रक्तपेशींचे काउंट धाडकन खाली. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, पाचशेच्या आत, ताप, अ‍ॅडमिट. गोळी बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तेच. आणि मोठे डॉक्टर मला विचारतात, ‘आजी, बाहेरचे काही खायला घातलेत का?’ ज्या घरात पाणी उकळल्याशिवाय ओठाला लागत नव्हते, शिळी पोळी उंबरा ओलांडत नव्हती, त्या घरातल्या बाईला हा प्रश्न! शेवटी तिथल्याच एका शिकाऊ डॉक्टर मुलीने रक्त जनुक तपासणीला पाठवले. एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. सिक्स-एमपीचे शरीरात जे मारक रूप बनते, ते निकामी करणारे एन्झाइम या जनुकावर अवलंबून. ते नसेल तर नेहमीचाच डोस अंगावर उलटतो. मग डोस आला पाव गोळीवर, तीही दिवसाआड. काउंट सावरले. माझ्या स्वयंपाकघराबद्दल मात्र नंतर कोणी चकार शब्द काढला नाही.

पाश्चात्त्यांत टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाचा दोष जास्त, म्हणून वर्षानुवर्षे त्याचाच गवगवा झाला. एनयूडीटी-१५ चे कोरियन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडेही हा दोष युरोपियनांपेक्षा अधिक आढळतो. मग ही तपासणी पहिली गोळी देण्याआधी का नको? लेखात यावर अक्षर नाही. सिक्स-एमपीच्या एक जनक आणि १९८८ च्या नोबेलमानकरी गर्ट्रूड एलिऑन यांच्या फोटोला मात्र भरपूर जागा. बाई थोरच, पण त्यांची गोळी आमच्या पोरांच्या अंगात काय करते तेही छापा की! याच औषधाचे पातळ रूप २०२५ मध्ये टाटा मेमोरियल आणि अ‍ॅक्ट्रेक या त्यांच्याच कर्करोग संशोधन केंद्राच्या सहभागाने भारतात आले. ब्लेड घेऊन बसलेल्या आयांना ही बातमी हवी होती.

आणखी एक. त्याच लेखाखाली अर्धे पान जाहिरात: कीमोचा त्रास पळवणारा काढा, ‘लहान मुलांनाही चालतो’. ज्या यकृताला आधीच कीमोची औषधे निस्तरायची आहेत, त्याच्यावर हे आणखी ओझे कोणाला विचारून? पान लावणाऱ्याला काहीच खटकले नाही? जाहिरात विभाग वेगळा असतो, हे उत्तर कृपया पाठवू नका. मागच्या वेळी तेच मिळाले होते.

कळावे,
एक नियमित वाचक (तूर्तास), मिरज