लेकीने नाच का शिकावा? मित्रास पत्र

शहादा, जि. नंदुरबार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेकीला नाच शिकायचा आहे, तिने कथक शिकावे असे वहिनींना वाटते, तिच्या मैत्रिणी हिपहॉपच्या क्लासला जातात, आणि तुला मात्र ‘नाच शिकून पुढे काय’ हा प्रश्न पडला आहे. कोणता नाच निवडावा हे तू मला विचारले आहेस. त्याबद्दल लिहितोच, पण माणूस मुळात कशासाठी नाचतो हे आधी पाहू, म्हणजे निवड करणे फारसे अवघड राहणार नाही.

आपल्या मुलखात नाच हा पुष्कळदा देवाचे देणे फेडण्याचा मार्ग असतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून माणसे पायी येतात, आणि त्यांच्यातले बावा आणि बुध्या हे नवस बोललेले असतात. नवसाच्या दिवसांत ते जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात, अंगाला पाणी लावत नाहीत. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू असा त्यांचा साज असतो, आणि रात्रभर नाचून झाल्यावर पहाटे होळी पेटते. जवळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. भल्या मोठ्या ढोलाची थाप आणि शेकडो कमरांच्या घुंगरांचा आवाज एकदमच पडतो. कोणी ठेका चुकला तर शेजारचा त्याच्याकडे न पाहताच नुसता खांदा लावून त्याला पुन्हा ओळीत घेतो. तेथे कोणी कोणाला दाखवण्यासाठी नाचत नाही. पाहणारे असले काय आणि नसले काय, नाच झालाच पाहिजे, कारण तो बोललेला असतो.

साक्रीकडचा डोंगऱ्यादेवाचा उत्सवही असाच आहे. मार्गशीर्षात व्रत धरलेले कोकणा आणि भिल्ल बांधव पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर फेर धरतात आणि शेवटी डोंगरावरच्या देवाच्या ठिकाणी जाऊन व्रत पुरे करतात. पावरी वाजवणाऱ्याचा दम जितका टिकतो तितका फेर टिकतो, म्हणून त्या नाचात वाजवणारा आणि नाचणारे असा भेद मला कधी करता आला नाही.

आपल्या खानदेशच्या कानबाई देवीचे तुला काय सांगावे? श्रावणात तुझ्याच घरी तिच्या नैवेद्याचे रोट होत असत. विसर्जनाच्या सोमवारी मिरवणूक निघाली की, एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून भर रस्त्यात सासूचे हात धरून फुगडी घालते, आणि तिला कोणी काही बोलत नाही. वर्षभर राबणाऱ्या बाईला आपले शरीर आपल्या आनंदासाठी वापरण्याची ती हक्काची मुभा आहे, आणि मला तर नाचाचा हा उपयोग नवसाइतकाच मोलाचा वाटतो. सुरतेला आणि पुण्याला स्थायिक झालेली आपली माणसेही कानबाई बसवतात, त्यामागे या मोकळेपणाची ओढ नक्कीच असणार.

आता पाहणाऱ्यांसाठी असलेला नाच. तो कमी प्रतीचा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचे काम वेगळे, एवढेच. कथक हे कथा सांगणाऱ्यांच्या परंपरेतून आले. लखनौ घराण्यात भाव आणि नजाकत यांवर भर असतो, तर जयपूर घराण्यात लयकारी आणि पायांचे काम यांवर. पुण्यात रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये ‘नृत्यभारती’ ही नृत्यसंस्था सुरू केली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या मुलींसाठी कथकची वाट मोकळी झाली. भरतनाट्यम् पूर्वी देवदासी ‘सादिर’ या नावाने सादर करीत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये ‘कलाक्षेत्र’ या कलासंस्थेची स्थापना केली, त्याच काळात प्रतिष्ठित घरांतल्या मुली ते शिकू लागल्या. नाचाला मान मिळाला हे चांगलेच झाले, पण ज्या बायांनी तो पिढ्यान्पिढ्या जपला त्यांच्या वाट्याला तो मान क्वचितच आला, हे मला फार लागते. आपल्या लावणीचेही तेच आहे. बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसल्या जागी केवळ डोळे, हात आणि चेहरा यांच्या अदाकारीने एकच ओळ किती अर्थांनी फुलवते! यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे बहुतेक आयुष्य सरले होते.

हिपहॉपला नाक मुरडू नकोस. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुणांनी रस्त्यावर रिंगण धरून ही शैली उभी केली. एकाने मधे यायचे, बाकीच्यांनी त्याला जोर द्यायचा, मग दुसऱ्याची पाळी. यातलेच ब्रेकिंग 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. गुजरातच्या शेजारामुळे आपल्या नंदुरबारकडे रंगणारा गरबा 2023 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, तोही रिंगणाचाच नाच. झुंबा हा व्यायाम म्हणून उत्तम आहे; त्याविषयी जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हल्ली मंत्री आले की व्यासपीठापुढे आदिवासी बांधवांना टोप घालून पाच मिनिटे नाचायला लावतात. भर दुपारी, ना व्रत ना होळी, आणि पाहुण्यांचे भाषण सुरू झाले की ढोल थांबवायचा. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत आठ-नऊ वर्षांच्या मुलींना मोठ्या बायकांचे हावभाव शिकवून परीक्षकांपुढे उभे करतात. दोन्ही ठिकाणी नाचणाऱ्याचे कारण काढून घेतलेले असते आणि उरते ते फक्त पाहणाऱ्याचे. तुझ्या लेकीच्या बाबतीत एवढे सांभाळ. तिला कोणत्याही क्लासला घाल, पण पहिल्याच वर्षी गॅदरिंग आणि स्पर्धांची घाई करणाऱ्या क्लासला घालू नकोस.

वहिनींच्या मनाप्रमाणे कथकच ठरले, तर गुरू पहिले काही महिने काय करून घेतात ते विचार. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हा तत्कार, म्हणजे पायांनी धरायचा मूळ ठेका, ते मुलींकडून अनवाणी, विलंबित म्हणजे संथ लयीत, न कंटाळता करून घेत असतील तर डोळे झाकून पाठव. पायात लय मुरली की पुढे ती हिपहॉप करो की गरबा, ती लय कामाला येईलच. पण आधी लेकीलाच विचार: एकटीने नाचावेसे वाटते की सगळ्यांबरोबर? गोष्ट सांगावीशी वाटते की नुसते अंग मोकळे करावेसे वाटते? ती जे सांगेल त्यावरून शैली ठरव.

यंदा होळीला तिघेही या. नंदुरबारपर्यंत रेल्वेने या, पुढे अक्कलकुव्यावरून मोलगीकडे जाणाऱ्या रस्त्याने मी तुम्हांला काठीला घेऊन जाईन. डोंगरात रात्री गारठा असतो, म्हणून लेकीचे स्वेटर आणि कानटोपी आठवणीने आणा, आणि तिला दुपारी झोपवूनच निघू, कारण पहाटेपर्यंत जागायचे आहे. किती जण येणार ते लवकर कळव, म्हणजे मुक्कामाची सोय करता येईल.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र